निसटणारी आकडी

ती आकडी, टोकाला आकडा लावलेली ती काठी, माझी नव्हती. हे मी परवापरवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, चौकशीला आलेल्या साहेबांना नाही, आणि जिचा उजवा हात त्या आकडीपायी अधू झाला त्या बाईला तर नाहीच.

मी रेल्वेत पॉइंट्समन म्हणून लागलो. परभणी जिल्ह्यातल्याच एका यार्डात माझी सगळी नोकरी गेली. रूळ बदलणं, झेंडी दाखवणं, डबे जोडणं आणि तोडणं, हे आमचं काम. त्यातलं तोडणं लोकांना ठाऊकच नसतं. खताची मालगाडी आली, निम्मे डबे माल उतरवायच्या धक्क्यावर ठेवायचे आणि निम्मे पुढं न्यायचे, तर मधून कुणीतरी ती सोडवावी लागते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "जावईबापू, ते डब्बे एकमेकाला कशानं चिकटवलेले असतेत?" नवा जावई होतो, नाहीतर डिंकानं म्हणालो असतो.

तेव्हा मी त्यांना हातानंच दाखवलं. दोन्ही हातांची बोटं अर्धी मुडपा आणि एकमेकांत अडकवून ओढा. सुटत नाहीत. मालडब्याच्या दोन्ही टोकांना अशीच लोखंडाची एकेक मूठ असते आणि तिचं एक जाड बोट बिजागरीवर उघडतं, मिटतं. दोन डबे हलके आदळले की बोटं एकमेकांत जाऊन मिटतात, आणि बोटामागं मुठीच्या पोटात एक लोखंडी ठोकळा आपल्याच वजनानं खाली पडतो. झालं कुलूप. सोडवायचं तर दोन मुठींपैकी एकीतला ठोकळा वर उचलायचा. त्यासाठी डब्याच्या बाहेरच्या अंगाला एक वाकडा दांडा असतो, त्याला आम्ही हँडल म्हणतो. बाहेर उभं राहून हँडल उचललं की मुठीखालची छोटी तरफ फिरते, ती ठोकळ्याला वर ढकलते, इंजिन निघतं, बोट उघडतं आणि गाडीचे दोन तुकडे होतात.

ज्यानं कुणी हे पहिल्यांदा रचलं त्याच्या मनात एकच गोष्ट असणार, की माणसानं दोन डब्यांच्या मध्ये जाऊ नये. ब्रेकच्या हवेचे पाईप सोडवायला आत वाकावं लागतं, पण ते सगळं उभं असताना, तोट्या बंद करून, इंजिनवाल्याला लाल झेंडी दाखवून. डबा हलत असताना आत असायचं काहीएक कारण उरत नाही. सासरे हे ऐकून म्हणाले, "म्हंजे तुमचं काम उभ्यानंच हाय." आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. ठोकळा वजनानं खाली बसतो, कबूल. पण गाडी शंभर धक्के खात जाते. मग तो उसळून वर का जात नाही? चालती गाडी आपोआप का तुटत नाही? आमच्या जमादारांना विचारलं तर ते म्हणाले, "तुटत न्हाई ना? मंग झालं. चहा सांग."

धक्क्याच्या मागं भंगाराचा ढीग होता. त्यात एक फुटकी मूठ पडलेली होती. जेवणाच्या सुट्टीत मी डबा आटपून तिथं जाऊन बसायचो आणि तिच्या पोटात हात घालून चाचपायचो. एक दिवस मागून आवाज आला, "बोट गेलं तर बोंबलू नको. दवाखाना लांब हाय."

ते मामा होते. आमच्या यार्डातले सगळ्यांत जुने पॉइंट्समन. झरीच्या पुढच्या एका गावचे, शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घरातले. उंच, वाळके, डोक्याला भर उन्हाळ्यात ओली दस्ती बांधलेली. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी कळायचं.

"काय हुडकायलास?" त्यांनी विचारलं.

मी माझं कोडं सांगितलं. ते माझ्या शेजारी उकिडवे बसले, खालून हात घालून तरफ फिरवली आणि म्हणाले, "बग. ठोकळा नुसता वर ढकल."

मी ढकलला. थोडा वर गेला आणि कशाला तरी अडकला.

"आता तरफ फिरवून बग."

तरफ फिरवली तर ठोकळा सरळ वर. दोनचार वेळा केल्यावर मला दिसलं. ठोकळ्याला खालून धरणाऱ्या तुकड्याला एक लहानसं नाक होतं. ठोकळा आपोआप उसळायला गेला की ते नाक मुठीच्या आतल्या कंगोऱ्याखाली अडकायचं. तरफ फिरवली की नाक आधी बाजूला सरकायचं आणि मगच ठोकळा उठायचा.

"आधी बाजूला, मंग वर," मामा म्हणाले. "आमच्या शेळ्यांच्या वाडग्याला अशीच कडी हाय. शेळी लय हुशार, शिंगानं कडी वर करती. पर आधी बाजूला अन् मंग वर, हे तिला जमत न्हाई. धक्क्याला बी जमत न्हाई. ते माणसालाच जमतं."

त्या रात्री मी घरच्या दाराची कडी तीन वेळा काढून घातली. बायकोनं विचारलं, "कोण आलंय?"

हे सगळं मी रंगवून सांगतोय, कारण पुढचं सांगायला जड जातंय.

तर हँडल. डबे जुने होतात. धक्क्यावर ट्रक मागं येताना हँडलला ठोकर देतो, कधी ते वाकतं, कधी तुटूनच जातं. नियम स्वच्छ होता. हँडल नसलेल्या डब्याला चिठ्ठी लावायची, फिटरला बोलवायचं, तो येईपर्यंत थांबायचं. आम्हाला थांबायला नको असायचं. मग कुणीतरी आत वाकून हातानंच तरफ फिरवायचा. त्यातून एखाद्या डब्याचा ठोकळा झिजलेला असला की तो वर टिकायचा नाही, हात काढला की परत खाली. म्हणजे इंजिन निघून बोट उघडेपर्यंत तरफ धरून ठेवायची. म्हणजे डबा हलत असताना माणूस आत. जे व्हायला नको म्हणून एवढी मूठ घडवली, नेमकं तेच आम्ही करायचो. मीही केलंय.

मामांनी कधी केलं नाही. त्यांची आकडी होती.

सात हात लांब वेळूची काठी आणि टोकाला त्यांच्या गावच्या लोहारानं घडवलेला लोखंडी आकडा. शेरडांना बाभळीची फांदी ओढायला वापरतात तसली. मामा बाहेर, रुळापासून दोन पावलं लांब उभे राहायचे, आकडी आत घालून तरफेला लावायचे आणि काठी ओढून ठोकळा उचलून धरायचे. "दे!" म्हणाले की मी इंजिनला हिरवी द्यायचो. डबा सुटून पुढं निघायचा आणि त्याच क्षणी आकडी आपोआप तरफेवरून निसटायची. काठी मामांच्या हातात मोकळी. ते तिला खांद्यावर टाकून विडी पेटवायचे.

लोक हसायचे. "मामा, डब्याला पाला घालायलाय का?"

"तुला बी घालतो, ये. दात हायत का बग आधी."

जमादार चिडायचे, ही कुठल्या पुस्तकात लिहिलीय म्हणून. मामा तेवढ्यापुरती ती केबिनमागं लपवायचे.

मला परत कोडं. प्रत्येक वेळी ती नेमक्या क्षणी निसटते कशी? मी आकडा हातात घेऊन बघितला. अगदी उथळ. दुजेच्या चंद्राएवढाच वाकलेला. धरतो असं वाटूच नये. आणि मामांची पकडही वेगळी होती. चार बोटं वरून, पण अंगठा आवळलेला नाही, तोही बोटांच्याच बाजूला.

"मामा, आकडा जरा जास्ती वाकडा केला तर चांगला धरंल की."

"धरंल की. मंग सोडंल कोन?" ते म्हणाले. "फांदी ओढली, शेरडांनी पाला खाल्ला, फांदी सोडली. ती उसळती. आकडा खोल असला तर आकडीसंगं तू बी बाभळीवर. म्हणून आकडा असा पायजे की ओढून धरलं तवर धरंल, अन् समोरच्यानं हिसका दिला की सुटंल. अन् अंगठा आवळायचा न्हाई. काठी गेली तर जाऊ द्यावी, आपुन जाऊ नये."

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी विसरलो असं म्हणायची सोय नाही. मला शब्दन् शब्द आठवत होता.

मामा रिटायर झाले. जाताना काठी माझ्याकडं दिली. "शेळ्या आता दोनच ऱ्हायल्यात. राहू दे तुला."

त्यानंतर काही महिन्यांनी नोटीस लागली, की कर्मचाऱ्यांनी कामाच्या सुरक्षिततेसाठी आपल्या कल्पना लिहून द्याव्यात. माझं अक्षर चांगलं, चित्रही बरं काढता येतं. रविवारी घरी बसून मी आकडीचं चित्र काढलं. बाजूनं, वरून, मापं टाकून. खाली मी माझं नाव लिहिलं. का लिहिलं? तेव्हा मनाला सांगितलं, मामा तर गेले घरी, त्यांना कागदाचा काय उपयोग. दुसरं असं सांगितलं, की नुसती काठी कुणी मंजूर करणार नाही, तिला उपकरण मी केलं. ही दोन्ही कारणं मी फार वर्षं वापरली. खरं कारण एवढंच की जमादारांच्या "चहा सांग" ला मी कंटाळलो होतो. मला कुणीतरी हुशार म्हणावं असं वाटत होतं.

मोठे साहेब पाहणीला आले. मी काठी दाखवली, यार्डात एक डबा सोडवून दाखवला. ते खूश झाले. मग आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "फारच उथळ वाटतो. निसटणार नाही ना?"

इथं मी म्हणायला हवं होतं, की साहेब, निसटण्यासाठीच आहे.

मी म्हणालो, "नाही साहेब."

आणि मग तो निसटू नये याची मी सोय केली. नव्या चित्रात आकडा खोल केला. वेळूच्या जागी लोखंडी पाईप. आणि हाताच्या टोकाला नायलॉनचा पट्टा, मनगटात घालायला, म्हणजे काठी हातातून पडणार नाही. कागदावर ते फार शोभून दिसत होतं. मंजूर झालं. मला प्रशस्तिपत्र मिळालं, ऑफिससमोर फोटो झाला. पाचसहा आकड्या वर्कशॉपमधून बनून आल्या आणि वेगवेगळ्या केबिनांत लागल्या. नवीन लोकांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं. मामांची काठी मी घरी माळ्यावर टाकली.

मी शिकवायचो, "पहिलं काम, पट्टा मनगटात."

पुष्कळ दिवस काही झालं नाही. बहुतेक डब्यांना हँडल असतं, आणि नसलं तरी बहुतेक ठोकळे वर टिकतात. टिकला की आकडी आधी काढून घ्यायची आणि मग इंजिनला झेंडी द्यायची. तेव्हा आकडा खोल असो की उथळ, फरक पडत नाही. फरक पडतो तो झिजलेल्या ठोकळ्यालाच. मला हे माहीत होतं. माहीत असूनही मी त्याच्याकडं बघितलं नाही. भंगारातल्या मुठीत हात घालून बसणारा माणूस मी, आणि स्वतःच्या आकडीत काय चुकलंय हे मी एकदाही चाचपलं नाही.

वहिनी आमच्याकडं लागल्या त्या त्यांच्या मालकांच्या जागी. मालक आमच्यातलेच, आजारपणात गेले, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो. माहेर येलदरीकडचं. साडीवर नारिंगी जाकीट घालून पहिल्या दिवशी आल्या तेव्हा यार्डात कुजबुज झाली, की आता बाई डबे तोडणार. एकानं तोंडावर विचारलं, "वहिनी, जमंल का?" त्या म्हणाल्या, "घरात चार जावांत बारा वर्षं काढली भाऊ. तोडायचं अन् जोडायचं लय झालंय."

शिकवताना सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच विचारायच्या. ठोकळा उसळत का नाही, हा माझा जुना प्रश्न त्यांनी तिसऱ्याच दिवशी विचारला. मला इतका आनंद झाला की मी त्यांना भंगारातली मूठ दाखवायला घेऊन गेलो. मामांची शेळीची गोष्टही सांगितली. मामांचं नाव न घेता.

आकडीच्या दिवशी त्यांनी पट्टा मनगटात घातला, ओढून बघितला आणि विचारलं, "भाऊ, हे निसटलं न्हाई तर?"

"वहिनी, निसटू नये म्हणूनच तर पट्टा हाय."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

ते दुपारचं चारचं काम होतं. खताचे डबे रिकामे झाले होते, अर्धे काढून दुसऱ्या लाइनीवर न्यायचे होते. जिथून तोडायचं तिथल्या डब्याचं हँडल नव्हतं. फिटर दुसरीकडं गेला होता. वहिनी आकडी घेऊन उभ्या राहिल्या, मी तीसेक पावलांवर झेंड्या घेऊन. त्यांनी तरफ ओढली, सोडली, परत ओढली. ओरडल्या, "भाऊ, वर टिकना झालाय!"

"धरून ठेवा," मी म्हणालो, आणि इंजिनला हिरवी दिली.

डबा निघाला. बोट उघडलं. आकडी निसटली नाही.

पाईप आडवा झाला आणि त्या त्याच्याबरोबर ओढल्या गेल्या. डब्याच्या बाजूनं सातआठ पावलं धावल्या. त्या हात उघडत होत्या हे मला लांबून दिसत होतं. बोटं पूर्ण उघडलेली, आणि पट्टा आवळलेला. मी लाल फडकावली, इंजिनवाल्यानं ब्रेक मारला. तोवर मनगट पिळलं गेलं होतं आणि कोपर उलटा झाला होता. त्या खडीवर पडल्या, रुळाच्या बाहेर.

मी पोचलो तेव्हा त्या बसत्या झाल्या होत्या. चेहरा पांढरा. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "पट्टा काढा की भाऊ."

तो मी काढला.

चौकशी झाली. मला विचारलं, उपकरणात काही दोष? मी म्हणालो, "नाही साहेब." दुसऱ्यांदा तेच दोन शब्द. कागदावर आलं, की कर्मचाऱ्यानं उपकरण वेळेत सोडलं नाही, निष्काळजीपणा. तो शेरा वहिनींच्या नोंदीत बसला. हात जोडला गेला, पण मूठ पूर्ण मिटत नाही. आता त्या ऑफिसात रजिस्टरं सांभाळतात, डाव्या हातानं लिहायला शिकल्यात. खात्याच्या परीक्षेला बसायचं म्हणतात, पण त्या शेऱ्यावर गाडी अडते. शेरा काढावा म्हणून त्यांनी यंदा अर्ज केला. अर्ज करायच्या आधी माझ्याकडं आल्या होत्या.

"भाऊ, मी काय लिहू? चूक तर माझीच असंल. तुमी शिकवल्यापरमानं केलं असतं तर असं झालं नसतं."

त्यांनी सगळं मी शिकवल्याप्रमाणंच केलं होतं.

"अन् एक सांगू का?" त्या पुढं म्हणाल्या. "तुमची आकडी होती म्हणून हातावर निभावलं. आत वाकले असते तर माणूसच गेलं असतं."

त्या गेल्यावर मी माळ्यावरून मामांची काठी काढली. धुळीनं माखली होती. आकड्याला गंज चढला होता, पण वाक तोच, दुजेच्या चंद्राएवढा. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि झरीच्या बाजूची एसटी धरली.

कंडक्टर काठी बघून म्हणाला, "हे काय? गाडीत सात हाताचा माणूस बसत न्हाई, काठी कुठं बसवू?" शेवटी ती सीटांखालून लांबवली. एक म्हातारी सारखी म्हणत होती, "लेकरा, तुझी काठी माझ्या पायाला डसायलीय."

मामा घरासमोर बाजेवर बसले होते. दिसायला कमी झालंय. मी बोललो तेव्हा ओळखलं, आणि काठी हातात दिली तेव्हा तोंडभर हसले. आकड्यावरून अंगठा फिरवला. "गंजली की रं. खोबऱ्याचं तेल लावत जा."

मग उठलेच. बांधावरच्या बाभळीला आकडी लावली, फांदी ओढली, दोन शेळ्या धावत आल्या. पाला खाऊन झाल्यावर फांदी उसळली आणि आकडी अलगद सुटली. मी आधी शंभरदा पाहिलं असेल. तरी मी बघत राहिलो. फांदी हिसका देते तेव्हा ओढीची दिशा बदलते, आणि आकड्याचं तोंड त्याच दिशेला उघडं असतं. एवढंच. एवढंच मी चित्रात बुजवलं होतं.

मी खाली बसून मातीत बोटानं माझा आकडा काढला. "मामा, असा केला होता मी."

ते वाकले, अगदी जवळून बघितलं. "ही आकडी न्हवं. ह्यो गळ हाय. मासा धरायचा."

"अन् मागं पट्टा. मनगटात घालायला."

शेळी त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होती, ते तिला हाकलेनात.

"कामून?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. चित्र, नाव, साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, वहिनी, खडी, चौकशी. सांगताना मला वाटत होतं की ते आकडीच्या चोरीवरून भडकतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. मीच म्हणालो, "मामा, तुमचं नाव घालायला पाहिजे होतं मी."

"ते ऱ्हाऊ दे. ती माझी बी न्हवं, माझ्या बापाची बी न्हवं. सगळे मेंढके तसलीच वापरतेत." मग म्हणाले, "त्या बाईचा हात कोनता?"

"उजवा."

"भाकर थापता येती का तिला?"

मला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत मी कधी विचारलंच नव्हतं. मूठ मिटत नाही हे मला माहीत होतं. कोपर किती अंशात वळतो हे मी मेडिकलच्या कागदावर वाचलं होतं. भाकरीचं मी विचारलं नव्हतं.

"जा, तिला इचार," मामा म्हणाले. "अन् माझं नाव कुटं घालू नको. तिच्यावरला डाग काढ."

निघताना काठी त्यांनी मला परत दिली नाही. मीही मागितली नाही.

सोमवारी मी ऑफिसात पत्र दिलं. सोबत दोन चित्रं जोडली, मामांच्या आकड्याचं आणि माझ्या गळाचं. आकडी मूळची माझी नव्हती, आकडा मी खोल केला, पट्टा मी लावला, पट्टा मनगटात घाला असं मी शिकवलं, ठोकळा टिकत नसताना हिरवी मीच दिली, आणि त्या बाईनं मी शिकवलं त्याबाहेर काहीही केलं नाही, असं लिहिलं. पोच घेतली. केबिनांतल्या राहिलेल्या आकड्या अपघातानंतर कुलपात गेल्या होत्या. त्या मोडीत काढाव्यात असंही लिहिलं. आता माझी चौकशी लागेल. ती लागावी. साहेबांनी विचारलं तर उत्तर तयार आहे, आणि ते "नाही साहेब" नाही.

पण पत्र ऑफिसला दिलंय. वहिनींना अजून काही ठाऊक नाही. परवाच त्यांनी येलदरीच्या माशांचा डबा पाठवला, वर निरोप, "भावाला म्हणावं, काटे बगून खा." मी डबा उघडला. भाकरीही होत्या आत. जरा जाड, कडेला फाटलेल्या. त्यांनी थापल्या की दुसऱ्या कुणी, मला कळलं नाही.

हे छापून येण्याआधी मला त्यांच्या दारात जायचं आहे. त्यांना भाकर थापता येते का, हे विचारायचं आहे. पट्टा माझा होता आणि चूक त्यांची नव्हती, हे मी त्यांना तोंडानं अजून सांगितलेलं नाही. तेवढं माझ्याकडं देणं आहे.